मुलींचे सामने कोण बघतं? अमेरिकेतली कॉलेजं, खेळ आणि टायटल नाइन

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क तीन आठवड्यांच्या आत तीनदा ‘सर्वाधिक गुण’ या मथळ्याखाली झळकली. आधी तिने केल्सी प्लमचे ३,५२७ गुण मागे टाकले, मग लिनेट वुडार्डचे ३,६४९ आणि शेवटी पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचे ३,६६७. यातला पहिला आणि तिसरा आकडा अधिकृत विक्रमांत नोंदलेला होता. वुडार्डचा नव्हता. म्हणजे २०१७ मध्ये प्लमला सर्वाधिक गुणांची मानकरी म्हटलं गेलं, तेव्हाही वुडार्डचे गुण तिच्याहून १२२ ने जास्त होते.

वुडार्ड १९७७ ते १९८१ या काळात कॅन्सस विद्यापीठाकडून खेळली. त्या वेळी मुली पुरुषांच्याच आकाराच्या मोठ्या चेंडूने खेळत आणि कोर्टवर तीन गुणांची रेषा नसे. कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए ही संस्था तेव्हा मुलींच्या स्पर्धा भरवतच नव्हती. त्या भरवायची एआयएडब्ल्यू, स्त्रियांनी १९७१ मध्ये उभी केलेली स्वतंत्र संघटना. १९८१-८२ पासून एनसीएएने स्वतःच्या महिला स्पर्धा सुरू केल्या, थोड्याच काळात ती जुनी संघटना बंद पडली आणि तिच्या काळातले गुण नव्या दप्तरात चढलेच नाहीत. फ्रान्सिस मॅरियन कॉलेजच्या पर्ल मूरचे तर ४,०६१ गुण होते. क्लार्कने कॉलेज सोडलं तेव्हा तिची बेरीज ३,९५१ होती.

हे इतकं तपशिलात सांगायचं कारण असं, की ‘मुलींच्या खेळात लोकांना रस नाही’ असं म्हटलं जातं तेव्हा तो रस जणू हवापाण्यासारखा निसर्गाने ठरवून दिलेला असतो असं आपण धरून चालतो. विक्रम नोंदवायचे की नाहीत, सामना कुठल्या वाहिनीवर दाखवायचा, संघाला कुठली वेळ द्यायची, हे सगळं माणसांनी ठरवलेलं असतं. लोकांचं मत या ठरवण्यातून घडतं आणि मग तेच मत पुढच्या विषमतेचं कारण म्हणून पुढे केलं जातं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांत हे चक्र फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे त्यावर पन्नासहून अधिक वर्षं टायटल नाइन हा कायदा आहे, खटले आहेत आणि आकडे उघड आहेत.

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे कॉलेजचे सामने बघायला बहुधा त्याच कॉलेजची मुलं जमतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात (फुटबॉल म्हणजे अर्थात त्यांचा, हातात चेंडू घेऊन धावायचा). एनसीएएकडे सुमारे १,१०० कॉलेजं आणि पाच लाखांवर खेळाडू आहेत. अमेरिकेचे कितीतरी ऑलिंपिकपटू याच कॉलेजांमधून तयार होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळते. तिथल्या फीचे आकडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कळेल, की संघात जागा मिळणं म्हणजे अनेक घरांसाठी पदवीचा खर्च सुटणं. तेव्हा मुलींना संघात किती जागा, हा प्रश्न शिक्षणाचाही आहे.

कायदा आला २३ जून १९७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने. त्याला टायटल नाइन म्हणतात. त्याचं मुख्य वाक्य इंग्रजीत जेमतेम ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा विषयच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून कुणाला वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही, इतकंच ते म्हणतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रवेश आणि नोकऱ्या होत्या. हवाईच्या पॅट्सी मिंक यांना तरुणपणी एकामागून एक वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला, म्हणून त्या वकिलीकडे वळल्या आणि पुढे काँग्रेसमध्ये पोचल्या. बर्निस सँडलर मेरिलँड विद्यापीठात अर्धवेळ शिकवत होत्या. कायम जागेसाठी आपला विचार का होत नाही असं विचारल्यावर त्यांना उत्तर मिळालं, की बाई म्हणून तुम्ही जरा जास्तच आक्रमक वाटता. त्यांनी शेकडो संस्थांविरुद्ध तक्रारी गुदरल्या. काँग्रेसमधल्या एडिथ ग्रीन आणि सिनेटर बर्च बाय यांनी कायदा पुढे रेटला.

खेळ या कायद्याखाली येतात हे लक्षात आल्यावर मात्र धावाधाव झाली. १९७४ मध्ये टेक्सासचे सिनेटर जॉन टॉवर यांनी पैसे मिळवून देणारे खेळ कायद्यातून वगळा, अशी दुरुस्ती आणली. ती टिकली नाही. १९७५ मध्ये नियम निघाले आणि कॉलेजांना १९७८ पर्यंतची मुदत मिळाली.

त्या मधल्या काळातली येल विद्यापीठाची घटना सांगायलाच हवी. तिथल्या मुलींचा नौकानयनाचा संघ थंडीत नदीवर सराव करायचा. बोटहाउसमध्ये अंघोळीची सोय फक्त मुलांसाठी. मुलं गरम पाण्याने अंघोळ करून येईपर्यंत मुली ओल्या कपड्यांनिशी बसमध्ये कुडकुडत बसायच्या. मार्च १९७६ मध्ये कर्णधार ख्रिस अर्न्स्टसह १९ जणी शारीरिक शिक्षण विभागाच्या संचालिकेच्या दालनात गेल्या, अंगावरचे कपडे उतरवले, आणि त्यांच्या पाठीवर, छातीवर ‘टायटल नाइन’ असं लिहिलेलं होतं. ‘येल ज्यांचं शोषण करतं ती शरीरं ही पाहा’ अशा अर्थाचं निवेदन अर्न्स्टने वाचलं. सोबत विद्यार्थी दैनिकाचा बातमीदार होता आणि न्यू यॉर्क टाइम्समध्ये ती बातमी छापून आली. स्नानगृह मागायला मुलींना इथवर जावं लागलं. तीही देशातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठांपैकी एकात.

आता किचकट भाग. कॉलेज समान संधी देतं की नाही हे मोजायचं कसं? १९७९ मध्ये सरकारने तीन कसोट्या घातल्या. त्यातली कुठलीही एक पार केली तरी चालतं. पहिली प्रमाणाची. समजा कॉलेजात १०,००० विद्यार्थी आहेत आणि त्यात ५,५०० मुली आहेत, म्हणजे ५५ टक्के. खेळाडू एकूण ६०० असतील तर त्यात मुली ३३० च्या आसपास हव्यात. दुसरी कसोटी वाटचालीची: प्रमाण अजून जुळलं नसेल, पण कॉलेज मुलींसाठी सातत्याने नवे संघ काढत आलं आहे का? तिसरी इच्छेची: ज्या मुलींना खेळायची इच्छा आणि कुवत आहे त्या सगळ्यांना आताच्या संघांत पुरेशी जागा मिळते आहे का? याशिवाय शिष्यवृत्तीची रक्कम खेळाडूंच्या प्रमाणात वाटली गेली पाहिजे. मैदान, प्रवास, प्रशिक्षक, कपडे बदलायच्या खोल्या, सरावाच्या वेळा यांचा दर्जा एकूणात सारखा हवा. दोन्ही बाजूंवरचा खर्च रुपयाला रुपया, म्हणजे डॉलरला डॉलर, सारखा असावा असं मात्र कायदा कुठेच म्हणत नाही. हा मुद्दा फार वेळा चुकीचा सांगितला जातो.

आणखी एक समज: या कायद्याने मुलांची कुस्ती मारली. अनेक कॉलेजांनी मुलांचे कुस्तीचे आणि जिम्नॅस्टिक्सचे संघ बंद केले हे खरं आहे आणि ज्यांचे संघ गेले त्या मुलांचं दुःखही खरं आहे. पण हिशोब बघा. एकट्या फुटबॉल संघात शंभराहून जास्त मुलं असतात. वरच्या गटातल्या कॉलेजांना त्यासाठी वर्षानुवर्षं ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. तेवढ्या संख्येचा मुलींचा संघ क्वचितच असतो. मग समतोल साधायला एकतर मुलींचे आणखी चार संघ काढायचे किंवा मुलांचे छोटे संघ कापायचे. दुसरा मार्ग स्वस्त पडतो. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉलचे प्रशिक्षक जिंबो फिशर यांना मुदतीआधी काढून टाकताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देण्याची जबाबदारी घेतली. जिथे एका माणसाला घरी बसवायला इतके पैसे निघतात, तिथे कुस्ती कायद्यामुळे परवडत नाही हे म्हणणं मला पटत नाही. तो कॉलेजांनी स्वतः लावलेला प्राधान्यक्रम आहे.

‘मुलींना आवडच कमी’ हा युक्तिवाद कोर्टात थेट मांडला गेला तो ब्राउन विद्यापीठाच्या खटल्यात. १९९१ मध्ये ब्राउनने पैसे वाचवायला मुलींचं जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, तसंच मुलांचं गोल्फ आणि वॉटर पोलो यांचं अनुदान काढून घेतलं. वरवर पाहता दोन इकडचे, दोन तिकडचे, न्याय झाला. पण मुलींचं प्रमाण आधीच कमी होतं आणि कात्रीनंतरही ते तसंच राहिलं. जिम्नॅस्ट एमी कोहेन आणि इतर खेळाडू कोर्टात गेल्या. विद्यापीठाचं म्हणणं होतं, की मुलींना खेळात मुलांइतका रस नसतो, तेव्हा जागाही त्या मानाने कमी असल्या तर बिघडलं कुठे. १९९६ मध्ये अपील कोर्टाने त्यावर जे लिहिलं ते या सगळ्या विषयाचं मर्म आहे: आवड आणि कौशल्य पोकळीत क्वचितच वाढतात, संधी आणि अनुभव यांतून ती घडतात. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउनची याचिका ऐकायला नकार दिला.

या वाक्याची सत्यता आकड्यांत दिसते. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूल संघांत २,९४,०१५ मुली होत्या. २०१८-१९ मध्ये चौतीस लाख. कॉलेजच्या संघांत तेव्हा तीस हजारही मुली नव्हत्या, आज एकट्या एनसीएएत दोन लाखांहून जास्त आहेत. पन्नास वर्षांत मुलींची जात बदलली नाही. दार उघडलं.

पण दार उघडणं आणि लोकांनी बघायला येणं यात अंतर आहे, आणि आजची खरी लढाई तिथे आहे. ‘मुलांचे खेळ कमावतात, मुलींचे खातात’ हे वाक्य अमेरिकेत सर्रास ऐकू येतं. वस्तुतः बहुतेक कॉलेजांचे क्रीडा विभाग खर्चाइतकी कमाई करतच नाहीत, आणि मुलांचे कितीतरी संघही तोट्यातच असतात. तरी बास्केटबॉलमध्ये कमाईचा प्रश्न खरा आहे. तो कसा आकाराला आला ते २०२१ मध्ये उघडकीला आलं.

त्या मार्चमध्ये साथीमुळे मुलांची राष्ट्रीय स्पर्धा सगळी इंडियानात आणि मुलींची सगळी सॅन अँटोनियोच्या परिसरात होत होती. ऑरेगन विद्यापीठाच्या सेडोना प्रिन्सने मोबाइलवर एक छोटी चित्रफीत टाकली. मुलांसाठी सभागृहभर व्यायामाची साधनं. मुलींसाठी डंबेल्सचा एक छोटा स्टँड आणि योगा मॅट्स. जागा कमी पडली, असा खुलासा आला होता, तेव्हा तिने कॅमेरा फिरवून शेजारची रिकामी पडलेली भलीमोठी जागा दाखवली. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. करोनाच्या चाचण्याही दोन्हीकडे वेगळ्या, मुलींच्या वाट्याला कमी अचूक, हेही बाहेर आलं.

एनसीएएने एका लॉ फर्मकडून चौकशी करून घेतली. ऑगस्ट २०२१ च्या त्या अहवालातला डंबेल्सचा भाग मला दुय्यम वाटतो. महत्त्वाचा भाग पैशाचा आहे. मुलांच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क स्वतंत्रपणे विकले जात आणि त्यातून वर्षाला सुमारे शंभर कोटी डॉलर येत. मुलींची स्पर्धा इतर दोन डझनांहून जास्त स्पर्धांच्या गाठोड्यात बांधून ईएसपीएनला दिलेली होती, सगळ्यांचे मिळून वर्षाला सुमारे ३.४ कोटी डॉलर. तज्ज्ञांचा अंदाज होता, की एकटी मुलींची बास्केटबॉल स्पर्धा २०२५ च्या सुमारास वर्षाला ८.१ ते ११.२ कोटींची ठरेल. प्रायोजकत्वाचे हक्कही मुलांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपकांकडेच होते, त्यामुळे मुलींची स्पर्धा आवडीने विकावी असं कारण कुणालाच नव्हतं. ‘मार्च मॅडनेस’ हे गाजलेलं नावसुद्धा फक्त मुलांच्या स्पर्धेसाठी वापरलं जाई. ज्या मालाची किंमतच लावली नाही, तो खपत नाही असा निष्कर्ष काढला गेला होता.

२०२२ पासून ते नाव मुलींच्या स्पर्धेला मिळालं आणि संघांची संख्या मुलांसारखी ६८ झाली. एप्रिल २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांचा अंतिम सामना पाहणारे होते सुमारे १ कोटी ४८ लाख. असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल सामना फुटबॉलच्या मैदानावर भरवला आणि ९२,००३ प्रेक्षक आले. हे एका क्लार्कचं यश म्हणून सोडून देऊ नये. नेब्रास्कात व्हॉलीबॉल पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला, शिकवला गेला, बापांनी मुलींना आणि मुलांनाही सामन्यांना नेलं. आयोवात तर मुलींच्या बास्केटबॉलचं वेड शतकभर जुनं आहे.

२०२४ च्या जानेवारीत ईएसपीएनशी नवा करार झाला, आठ वर्षांचे ९२ कोटी डॉलर, आणि त्यात मुलींच्या बास्केटबॉलचं मोल वर्षाला सुमारे साडेसहा कोटी धरलं गेलं. पण ती स्पर्धा अजूनही गाठोड्यातच आहे. स्पर्धेत पुढे जाणाऱ्या मुलांच्या संघांमागे पैसे वाटायची पद्धत १९९१ पासून होती. मुलींच्या संघांना तसा पहिला वाटा २०२५ मध्ये मिळाला. तोवर मुलींचा संघ जिंकला काय, हरला काय, कॉलेजच्या तिजोरीला फरक पडत नव्हता. मग कुठला प्राचार्य त्या संघावर पैसा लावील?

बातम्यांचं चित्र आणखी निराशाजनक आहे. टीव्हीवरच्या क्रीडाबातम्यांचा १९८९ पासून तीस वर्षं अभ्यास करणाऱ्या संशोधकांना २०१९ मध्ये महिलांच्या खेळांचा वाटा साधारण पाच टक्के आढळला. दिसणारच नाही ते आवडणार कसं?

कायद्याचे काही परिणाम उलटेही झाले. १९७२ मध्ये मुलींच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून जास्त प्रशिक्षक स्त्रिया होत्या. आज निम्म्याहून कमी आहेत. पगार वाढले, प्रतिष्ठा आली, तसे त्या जागांवर पुरुष येऊ लागले. मुलामुलींचे क्रीडा विभाग एकत्र करताना प्रमुखपद बहुधा पुरुषाकडे गेलं. मुलांच्या संघांवर मात्र स्त्री प्रशिक्षक आजही क्वचितच दिसते. शिवाय मोजणीतल्या पळवाटा आहेत. एकच धावपटू क्रॉस कंट्री, इनडोअर आणि आउटडोअर अशा तीन संघांत तीनदा मोजली जाते. मुलींबरोबर सराव करणारे मुलगेही मुलींच्या संघाच्या आकड्यात धरले गेले आहेत.

२०२२ च्या प्यू रिसर्चच्या पाहणीत, ज्यांनी या कायद्याबद्दल ऐकलं होतं त्यांपैकी ६३ टक्के लोकांनी त्याचा स्त्री-पुरुष समानतेवर चांगला परिणाम झाला असं सांगितलं. तत्त्व बहुतेकांना मान्य आहे, कुरबुर सुरू होते ती वाटणीशी. जून २०२५ मध्ये कोर्टाने ‘हाउस’ या, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कॉलेजमागे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून ठरलेल्या सुमारे २८० कोटी डॉलरपैकी फार मोठा भाग फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जाणार आहे, म्हणून काही महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध अपील केलं. थेट दिल्या जाणाऱ्या पैशाला टायटल नाइन लागू होतं, असं मार्गदर्शन शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये दिलं आणि नव्या सरकारने फेब्रुवारीत ते मागे घेतलं. बाजारभावाने पैसे वाटायचे तर पन्नास वर्षं ज्यांचा भाव लावलाच नाही त्यांना पुन्हा कमी मिळणार. मला हा सध्याचा सगळ्यात गंभीर प्रश्न वाटतो. त्याच फेब्रुवारीत ट्रान्सजेंडर खेळाडूंबाबतचा अध्यक्षीय आदेश निघाला आणि एनसीएएने आपले नियम बदलले. त्या विषयाला स्वतंत्र लेख हवा. इथे एवढंच सांगतो, की सार्वजनिक चर्चेची बहुतेक जागा आज त्याने व्यापली आहे, आणि शिष्यवृत्त्या नि संघांतल्या जागा यांची रोजची विषमता त्यामागे झाकली जाते आहे.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुली हायस्कूलच्या संघांत खेळतात. तो कायदा सरकारी हायस्कूललाही तितकाच लागू आहे. मुलींच्या सॉफ्टबॉलचं मैदान आणि मुलांच्या बेसबॉलचं मैदान यांत डोळ्यांत भरणारा फरक असेल तर पालकांना तक्रार करता येते, आणि ती ऐकण्यासाठी टायटल नाइन समन्वयक नेमणं शाळेवर आणि कॉलेजवर बंधनकारक आहे. कॉलेज निवडताना आणखी एक साधन हाताशी आहे. १९९४ च्या एका कायद्यानुसार सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला खेळाडूंची संख्या, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षकांचे पगार आणि नवे खेळाडू मिळवण्यावरचा खर्च मुलगे-मुली असा वेगळा करून दरवर्षी जाहीर करावा लागतो, आणि शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तो कुणालाही फुकट बघता येतो. नवे खेळाडू मिळवण्यावरचा खर्च आधी पाहा, कारण कॉलेजला कुणाचे संघ वाढवायचे आहेत ते तिथे सगळ्यात लवकर कळतं. आणि मुलींच्या संख्येचा आकडा संघाच्या स्वतःच्या पानावरच्या नावांशी ताडून बघा.